अश्लेषा चुरीचे साठ ब्रॅकेट

आगाशीत उतरून कुणालाही विमानवालीचं घर विचारलं, तर तो अर्नाळ्याच्या रस्त्याकडे बोट दाखवतो आणि सांगतो, "सरळ जावा. केळीची मोठी वाडी लागली की डाव्या हाताला." वाडी आत्माराम चुरींची, आणि विमानवाली म्हणजे त्यांची धाकटी लेक अश्लेषा. खरं सांगायचं तर अश्लेषानं आजवर एकही विमान उडवलेलं नाही, आणि उडवायची तिला कधी हौसही नव्हती. पण गावानं ठेवलेलं नाव कुणाला पुसता येत नाही. त्यातून हे नाव गावानं आधी चेष्टेनं ठेवलं होतं. लोक ते मानानं कधी घ्यायला लागले, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

चुरींची वाडी तीन पिढ्यांची. पुढं राजेळी केळी, मागं पानवेली, विहिरीच्या कडेला सोनचाफ्याची सात झाडं. थोरला मुलगा अनुज वाडीतच रमला. आई चंद्रकांता सुकेळी करण्यात अख्ख्या आगाशीत नावाजलेली. पिकलेली राजेळी सोलून, आठवडाभर उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानात बांधलेली तिची सुकेळी लोक महिना-महिना आधी सांगून ठेवत. अशा घरात विमान शिरलं कुठून?

शिरलं ते अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून. अश्लेषा नववीत होती. वादळात अर्नाळ्याची एक होडी दोन दिवस बेपत्ता झाली होती, आणि तिच्या शोधाला आलेलं हेलिकॉप्टर किनाऱ्यावर, बोंबील वाळवायच्या काठ्यांपलीकडं मोकळ्या वाळूत उतरलं. होडीतली माणसं सुखरूप सापडली होती, त्यामुळं गाव आनंदात होतं. पायलटभोवती ही गर्दी! कुणी हात मिळवतंय, कुणी फोटो काढतंय, कुणी शहाळं पुढं करतंय. अश्लेषाचं लक्ष मात्र दुसऱ्याच माणसाकडे गेलं. करड्या डांगरीतला तो माणूस शिडीसारख्या पायरीवर चढून वरच्या पंख्याचं एकेक पातं फडक्यानं पुसत होता आणि पुसलेल्या जागेवरून बोटं फिरवत होता.

"काका, काय शोधताय?" तिनं खालून विचारलं.

माणूस मराठीच निघाला. "भेग," तो म्हणाला.

"सापडली?"

"नाही ना. म्हणून तर परत जाता येईल."

त्या दिवशी घरी येऊन तिनं बापाला सांगितलं, "बाबा, मला ते काम करायचंय. भेग शोधायचं."

आत्माराम पानवेलींना पाणी सोडत होते. ते नुसते हसले.

बारावीनंतर मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. गुण चांगले पडले होते आणि पोरीनं एरोस्पेस इंजिनिअरिंगचा हट्ट धरला होता, तोही चेन्नईजवळच्या कॉलेजात. विरारचे मामा येऊन समजावून गेले की मुलीनं कॉम्प्युटर घ्यावं, घराजवळ नोकरी लागते. आत्मारामांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी लेकीला ओट्यावर बसवून विचारलं, "मला एक सांग. ह्ये शिकून मानूस करतो काय?"

अश्लेषानं जमेल तसं सांगितलं. कुणी विमानाचे पंख किती वाकले की मोडतील याचा हिशेब मांडतं, कुणी इंजिनात हवा कशी खेळेल ते बघतं. कुणी उपग्रहाचा सांगाडा करतं, कुणी ड्रोन. कुणी दुरुस्तीत जातं, कुणी तपासणीत.

आत्माराम म्हणाले, "म्हनजे उडवायचं सोडून बाकी सगळं."

"हो."

"मग ठीक हाय. उडवनारा एकच असतो. बाकीचं काम जास्त मानसांचं असनार."

वसई रोड स्टेशनवरून तिला गाडीत बसवून देताना चंद्रकांताबाईंनी सुकेळीची दोन मोठी पुडकी तिच्या पिशवीत कोंबली आणि डोळ्यांतलं पाणी पदराला टिपलं. चुरींच्या घरातून शिकायला इतक्या लांब गेलेलं ते पहिलं माणूस.

पहिल्याच वर्षी अश्लेषा एका विषयात नापास झाली. वाहत्या हवेचं गणित तिच्या डोक्यात शिरेना. होस्टेलच्या खोलीत बसून तिनं परत यायचा विचारही केला. पण दुसऱ्या वर्षी स्ट्रक्चर्स, म्हणजे सांगाड्याच्या मजबुतीचा विषय, शिकवायला एक मॅडम आल्या. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात तुटलेले भाग होते: वाकलेले बोल्ट, चिरलेले पत्रे, दाते उडालेलं गिअर. शिकवायला सुरुवात करण्याआधी त्या एक तुकडा वर्गात फिरवायच्या आणि विचारायच्या, "हा का तुटला?"

एकदा त्यांनी अॅल्युमिनियमचा एक ब्रॅकेट फिरवला. विमानाच्या झाकणाचं बिजागर ज्यात बसतं तसला, हाताच्या तळव्याएवढा, एक कान बाहेर आलेला आणि त्या कानात पिनेसाठी भोक. तो कानच मुळातून सुटला होता. कुणी म्हणालं जास्त भार आला असेल, कुणी म्हणालं कुठं तरी आपटला असेल. मॅडम मान हलवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "याला कुणी ठोकलं नाही, कुणी ओढलं नाही. समुद्रकाठच्या विमानतळावर विमान उभं होतं. उभ्या उभ्या तुटला. धातू चुकीच्या बाजूनं कापला होता आणि खाऱ्या हवेनं पुढचं काम केलं."

अश्लेषानं तो तुकडा तास संपेपर्यंत हातातून सोडला नाही. त्या दिवसापासून तिचा अभ्यास मार्गी लागला. राहिलेला विषय सुटला, आणि चौथ्या वर्षी स्ट्रक्चर्समध्ये ती वर्गात दुसरी आली.

पदवी मिळाली, पण नोकरी मिळेना. कॅम्पसवर आलेल्या कंपन्यांपैकी निम्म्याहून जास्त सॉफ्टवेअरच्या होत्या. वर्गातले बरेचजण तिकडे गेले. एकजण जर्मनीला पुढं शिकायला गेला, एक हवाई दलात, दोघी बंगळूरला उपग्रहाच्या एका नव्या कंपनीत. अश्लेषा एका सरकारी संस्थेच्या लेखी परीक्षेत पास झाली आणि मुलाखतीत राहिली. ती आगाशीला परतली आणि अर्ज करत बसली. आठवड्याला पाच-सहा अर्ज, महिन्याला एखादं उत्तर, तेही नकाराचं. रिकाम्या वेळात ती आईबरोबर केळी सोलायची.

"काय गं, विमान कधी आननार वाडीत?" येणारे-जाणारे कुंपणापलीकडून विचारायचे. विमानवाली हे नाव तेव्हाचं. ती हसून वेळ मारून न्यायची. आत्माराम मात्र हसायचे नाहीत. एकदा त्यांनी एका शेजाऱ्याला चांगलंच सुनावलं, "केळीला लोंगर यायला वर्ष लागतं. तेव्हा तू रोज येऊन विचारतोस का?"

दिवस पालटले ते सुकेळीमुळं. रुडॉल्फ लोपीस नावाचे एक गृहस्थ दरवर्षी नाताळाआधी सुकेळी न्यायला येत. मूळचे नंदाखाल गावचे. आधी एका मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये होते, आणि आता सातिवलीत त्यांचे स्वतःचे दोन गाळे होते. अकरा मशीन, तीसेक कामगार. पंपाचे आणि छपाई यंत्रांचे भाग ते करत. पुडकी बांधता बांधता चंद्रकांताबाईंनी मुलीची कहाणी सांगितली, आणि रुडॉल्फ एकदम सावरून बसले.

"एरोस्पेस? बोलव तिला, ताई."

अश्लेषा बाहेर आली. हात केळ्यांनी चिकट झालेले.

"ड्रॉइंग वाचता येतं?" रुडॉल्फनी विचारलं.

"येतं."

"बंगळूरच्या एका कंपनीनं मला विमानाचे ब्रॅकेट करायला दिलेत. छोटं विमान आहे, शिकाऊ पायलटांसाठीचं. मशीन माझ्याकडे आहे, माणसं आहेत. पण ते म्हणतात, कागदपत्र आणि तपासणी बघायला विमानाचं शिकलेला माणूस पाहिजे. तसा माणूस सातिवलीत यायला तयार नाही. सगळ्यांना एसी ऑफिस पाहिजे."

"मी येते," अश्लेषा म्हणाली. तिनं पगारसुद्धा विचारला नाही. नंतर आईनं त्याबद्दल दोन शब्द ऐकवले.

रोज सकाळी आगाशीहून स्कूटीवर निघायचं, विरार, नालासोपारा मागं टाकत हायवेला लागायचं आणि सातिवलीत शिरायचं. रस्त्याला खड्डे, दोन्ही बाजूंना गोदामं, उभे ट्रक, पत्र्याच्या छपरांतून येणारा कापणीचा आवाज. कॉलेजातल्या मैत्रिणी चकचकीत इमारतींसमोरचे फोटो पाठवायच्या. अश्लेषानं गाळ्याचा फोटो कुणालाच पाठवला नाही. तेव्हा तिला थोडी लाजच वाटायची, हे ती आज मोकळेपणानं सांगते.

गाळ्यात खरा शब्द चालायचा तो सॅन्टन यांचा. वय साठीच्या घरात, चाळीस वर्षं धातू कापण्यात गेलेली. मशीनच्या आवाजावरून हत्यार बोथट झालंय की नाही ते सांगणारा माणूस. सगळे त्यांना सॅन्टन अंकल म्हणत. अश्लेषाला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पोरी, तू तुझे कागद सांभाळ. धातू मी सांभाळतो."

आणि पहिले काही महिने तसंच चाललं. साठ ब्रॅकेटची पहिली खेप होती, मॅडमनी वर्गात फिरवला होता तसल्याच बिजागराच्या ब्रॅकेटची. चार बोटं जाडीची अॅल्युमिनियमची प्लेट आली, तिचे तुकडे कापले गेले, तुकड्यांचे ब्रॅकेट झाले. अश्लेषानं साठच्या साठ नग मोजले. भोकाचा व्यास, कानाची जाडी, कोपऱ्याची गोलाई, सगळं केसाच्या जाडीहूनही कमी फरकात. "बघितलंस?" सॅन्टन म्हणाले. खरोखर देखणं काम होतं. मंगळवारी मोजमाप संपलं. गुरुवारी बंगळूरचा तपासनीस येणार होता.

बुधवारी सकाळी ती शेवटचे कागद जुळवत होती. प्लेट कुठून आली, कुठल्या भट्टीची, केव्हा कापली. ड्रॉइंगचं दुसरं पान उलटताना खालच्या कोपऱ्यात चौदा नंबरची टीप तिला दिसली. अक्षर मुंगीएवढं. शेजारी एक छोटा बाण. टीप अशी होती, की प्लेट लाटली जाते त्या दिशेलाच ब्रॅकेटचा कान यावा.

ही टीप तिनं पूर्वी वाचली नव्हती असं नाही. वाचली होती, आणि तुकडे त्याप्रमाणेच कापले गेले असणार असं गृहीत धरलं होतं. ती उठून सॅन्टनकडे गेली.

"अंकल, प्लेटमधून तुकडे कसे काढले? आडवे की उभे?"

"उभे. आडवे ठेवले असते तर प्लेटीत चाळीसच बसत होते. मी उभे लावून साठ बसवले." त्यांच्या स्वरात अभिमान होता. "रुडॉल्फची एक प्लेट वाचवली."

"अंकल, मग कान चुकीच्या दिशेला गेला."

"चुकीच्या म्हणजे? तू स्वतः मोजलंस ना? कुठं चूक आहे?"

मापात चूक नव्हतीच. तेच तर अवघड होतं. कापून उरलेला एक तुकडा आणि एक ब्रॅकेट घेऊन अश्लेषा शेजारच्या, अॅल्युमिनियमवर मुलामा चढवणाऱ्या अनोडायझिंगच्या गाळ्यात गेली. तिथं कॉस्टिक सोड्याची टाकी असते. दोन्ही नग तिनं त्यात बुडवून घेतले. बाहेर काढले तेव्हा काळी राख धरली होती. मग अॅसिडमध्ये बुडवल्यावर राख गेली, आणि गुळगुळीत चकाकणाऱ्या धातूवर बारीक रेघा उमटल्या. लाकडाच्या फळीवर असतात तशाच. ब्रॅकेटवर त्या रेघा कानाच्या लांबीत जायला हव्या होत्या. त्या आडव्या, कानाच्या मुळाशी कापून जात होत्या.

तिनं तो नग रुडॉल्फच्या टेबलावर ठेवला. सॅन्टन मागोमाग आले. मशीन एकेक करून बंद झाली, कामगार दारात गोळा झाले.

"याचं होतं काय?" रुडॉल्फनी विचारलं.

"आज काहीच नाही, सर. आज ओढून बघितलं तर फारसा फरक दिसणार नाही. पण बिजागराचा ताण कायम कानावर असतो. खाऱ्या हवेत, आठ-दहा वर्षांनी, या रेघांतून भेग जाते. मी असा तुटलेला नग हातात घेतलाय."

"उद्याच्या माणसाला हे दिसेल?"

खोटं बोलणं अश्लेषाला जमलं नसतं, आणि खरं सांगितलं तर काय होईल ते तिला कळत होतं. "नाही दिसणार. तो मापं बघेल. मापं बरोबर आहेत."

मग सॅन्टन तडकले. "चाळीस वर्षं मी धातू कापतोय. कालची पोर मला शिकवणार? कापलेल्या तुकड्यांच्या कागदावर सही कुणाची आहे? हिचीच आहे! तेव्हा का नाही बोललीस?"

"माझीच आहे," अश्लेषा म्हणाली. "कापताना मी समोर उभं राहायला हवं होतं. राहिले नाही. चूक माझी पण आहे, अंकल. पण सही माझी आहे म्हणून मी हे जाऊ देऊ शकत नाही. या विमानात शिकणारी पोरं बसणार आहेत."

सॅन्टननी टेबलावरचा ब्रॅकेट उचलला. चष्मा कपाळावर सरकवला आणि तो डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याच्या नखानं एक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "माडाच्या झावळीचा हीर. उभा कितीही वाकव, मोडत नाही. आडवा धर, की चिरला." एवढं बोलून त्यांनी ब्रॅकेट खाली ठेवला आणि ते गाळ्याबाहेर निघून गेले.

रुडॉल्फनी तो नग उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी लाल रंगाचा डबा मागवला. साठ ब्रॅकेट टेबलावर मांडले आणि स्वतःच्या हातानं एकेकावर लाल फुली मारली. नंतर सगळ्यांसमोर बंगळूरला फोन लावला. "उद्या तुमचा माणूस पाठवू नका," ते म्हणाले. "माल चुकलाय. नाही, तुमच्या लक्षात आला नसता. आमच्या मुलीनं पकडला."

'आमच्या मुलीनं.' ते दोन शब्द अश्लेषा कधी विसरली नाही.

गोष्ट इथं गोड झाली असती तर बरं झालं असतं, पण तसं झालं नाही. बंगळूरच्या कंपनीनं शाबासकी वगैरे काही दिली नाही. उलट महिनाभर काम थांबवलं आणि कडक शब्दांत पत्र पाठवलं. पुढची ऑर्डर निम्म्यावर आली. गाळ्यातल्या काहीजणांनी अश्लेषाशी बोलणं टाकलं. सॅन्टन तर आठ दिवस तिच्या टेबलासमोरूनसुद्धा जात नव्हते. लांबचा वळसा घालून मागच्या दारानं ये-जा करत. घरी तिनं एवढंच सांगितलं की काम थोडं थंड आहे.

आत्मारामांना मात्र सुगावा लागला होता. एका रविवारी केळीच्या रोपांना आळी करता करता ते म्हणाले, "तुझा मालक परवा येऊन गेला. सुकेळीचा हंगाम नाय, तरी आला."

अश्लेषाच्या हातातली कुदळ थांबली. "काय म्हणाले?"

"म्हनाला, आत्माराम, तुझ्या पोरीनं माझं नुकसान केलं आनि माझं नाव राखलं. मी म्हटलं, नुकसान भरून निघतं." आणि ते पुढच्या आळ्याकडे वळले.

नवव्या दिवशी सॅन्टन तिच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. हातात त्याच ड्रॉइंगचं दुसरं पान होतं.

"ही टीप मला दिसलीच नाही," ते म्हणाले. "चष्मा लावूनसुद्धा नाही दिसली. आणि दिसली असती तरी इंग्रजी मला कुठं येतं? मला पानं वाचायला शिकव. सगळी. खालच्या कोपऱ्यासकट."

तेव्हा अश्लेषाच्या लक्षात आलं की इतके दिवस ती चुकीचा प्रश्न विचारत होती. कुणी चूक केली, हा प्रश्न नव्हताच. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला जे दिसत नाही, ते कागदावर नीट लिहिलेलंच नाही. ज्यानं ते ड्रॉइंग काढलं, तो कधी गाळ्यात उभा राहिला नसावा.

शनिवारी काम लवकर सुटायचं. दुपारी गाळ्यातल्या बाकावर तिनं शिकवणी सुरू केली. आधी एकटे सॅन्टन, मग कापणीवरचे दोघे, मग जवळपास सगळे. कॉलेजात शिकलेलं ती मराठीत आणि मोडक्या हिंदीत सांगायची. प्लेट लाटतात म्हणजे काय, रेघा कुठून येतात, भेग कुठून सुरू होते. दुसऱ्या बाजूनं सॅन्टन तिला शिकवायचे, हत्यार किती तापलं की धातू भाजतो आणि ते नुसत्या वासावरून कसं ओळखायचं. ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

त्याच सुमारास तिनं बंगळूरला एक पत्र लिहिलं. तीन पानांचं. त्यात तिनं सुचवलं, की चौदा नंबरची टीप कोपऱ्यातून काढावी, पहिल्या पानावर ब्रॅकेटच्या चित्राशेजारी घ्यावी, बाण मोठा आणि जाड करावा, आणि तुकडा प्लेटीत कसा बसवायचा याचं छोटं चित्रच द्यावं, म्हणजे भाषेची गरज राहणार नाही. पत्र पाठवायच्या आधी तिनं ते चित्र सॅन्टनकडून तपासून घेतलं. त्यांनी दोन रेघा खोडल्या. "एवढं नको. कापणारा माणूस एकदाच बघतो."

दोन महिने काहीच आलं नाही. मग एका सकाळी नवं ड्रॉइंग आलं. बाण मोठा, पहिल्या पानावर, चित्रासकट. आणि उजवीकडच्या चौकटीत, जिथं ड्रॉइंग कशामुळं बदललं ते लिहितात, तिथं एक ओळ होती: बदल सुचवला, ए. चुरी, एस. डाबरे, सातिवली.

एस. डाबरे म्हणजे सॅन्टन. अश्लेषानंच पत्रात त्यांचं नाव घातलं होतं. त्यांनी ती ओळ स्वतः वाचली, अक्षर अक्षर जुळवत, आणि मग बाकीच्यांना वाचून दाखवली. रुडॉल्फनी त्या पानाची मोठी प्रत काढून दर्शनी भिंतीवर लावली. अश्लेषानं त्या दिवशी पहिल्यांदा गाळ्याचा फोटो काढला आणि कॉलेजच्या मैत्रिणींना पाठवला. मागं पत्र्याचं छप्पर, धुळकट पंखा, सगळं दिसत होतं. बंगळूरच्या उपग्रहवाल्या मैत्रिणीचं उत्तर आलं, "तू ड्रॉइंग बदलायला लावलंस? आम्हाला इथं खुर्चीची जागा बदलायला तीन सह्या लागतात."

पुढचे साठ ब्रॅकेट बरोबर झाले. त्यापुढचेही झाले. ऑर्डर पूर्वीच्या आकड्यावर आली, मग वाढली. आज त्या गाळ्यात तपासणीसाठी वेगळी खोली आहे, अश्लेषाच्या हाताखाली चारजण आहेत, आणि त्यातली जेसिका नावाची पोरगी नालासोपाऱ्याची, तिच्यासारखीच एरोस्पेस शिकून वर्षभर घरी बसलेली.

गेल्या थंडीत बंगळूरच्या कंपनीनं भाग पुरवणाऱ्यांपैकी काहींना बोलावलं. विमानाचं उड्डाण बघायला. रुडॉल्फनी दोघांची नावं कळवली, अश्लेषा आणि सॅन्टन. सॅन्टननी लग्नातला सूट बाहेर काढला. तो पोटावर बसेना, म्हणून त्यांच्या बायकोनं, रिटाबाईंनी, रातोरात तो उसवून मोठा केला.

विमान हँगरमध्ये उभं होतं. पांढरं, लहानसं, बापाच्या वाडीतल्या विहिरीच्या घेराएवढे पंख. एका तरुण इंजिनिअरनं खालचं झाकण उघडून आतली जोडणी दाखवायला सुरुवात केली. तो इंग्रजीत बरंच काही सांगत होता. सॅन्टन वाकले, आणि त्यांनी झाकणाच्या बिजागरापाशी थेट बोट नेलं.

"सर, प्लीज, हात लावू नका," इंजिनिअर घाईनं म्हणाला.

अश्लेषा पुढं झाली. "त्यांनीच केलाय तो," तिनं सांगितलं.

इंजिनिअरनं आधी सॅन्टनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सातिवली?" त्यानं विचारलं. "चुरी आणि डाबरे?" तिनं मान हलवली, तसा तो बाजूला सरला आणि त्यानं हातातली बॅटरी सॅन्टनकडे दिली.

सॅन्टननी उजेड पाडून ब्रॅकेटचा कान बघितला, मुळाशी, दोन्ही बाजूंनी. मग बॅटरी अश्लेषाच्या हातात दिली. "तू पण बघून घे. सही तुझी आहे."

तिनं बघितलं. निवांत, हवा तेवढा वेळ घेऊन. झाकण बंद झालं, विमान ओढत बाहेर नेलं, आणि थोड्या वेळानं ते धावपट्टीवरून उठलं तेव्हा बाकीचे पाहुणे टाळ्या वाजवत होते. सॅन्टननी टोपी काढून छातीशी धरली होती. अश्लेषानं फोन लावला. पलीकडं वाडीतल्या पंपाचा आवाज येत होता.

"बाबा, उडालं."

"कोन उडवतंय?" आत्मारामांनी विचारलं.

"माहीत नाही. कुणीतरी पायलट आहे."

"असू दे कोनी पन," आत्माराम म्हणाले. मग पंप बंद केल्याचा आवाज आला, आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला त्यांनी मारलेली हाक तिला इथवर, बंगळूरच्या धावपट्टीपर्यंत, लख्ख ऐकू आली: "अरे ऐकलंस का? आमच्या अश्लेषाचं विमान उडालं!"